कंपनीचा डॉक्टर १२ टक्के म्हणतो, आमचा ४५, खरं कुणाचं धरायचं?

पत्र थोडक्यात असं: लिहिणाऱ्या ताई रत्नागिरी जिल्ह्यातल्या आहेत. मिस्टर ४३ वर्षांचे, १७ वर्षं परदेशी झेंड्याच्या जहाजांवर इंजिन रूममध्ये मोटरमन (इंजिनाच्या देखभालीचं अंगमेहनतीचं काम करणारा खलाशी), मुंबईच्या एका मॅनिंग कंपनीतर्फे, म्हणजे जहाजांना माणसं पुरवणाऱ्या कंपनीतर्फे. मागच्या वर्षी पंपाची मोटर चेन ब्लॉकने (साखळीच्या कप्पीने) उचलताना ती झुलली, त्यांनी अंगाने अडवली आणि कमरेत कळ गेली. चार दिवस गोळ्यांवर काढले, पुढच्या बंदरात एमआरआय झाला, कमरेची एल-४ एल-५ मधली गादी सरकलेली निघाली, मेडिकल साईन ऑफ होऊन, म्हणजे आजारपणामुळे बोटीवरून उतरवून, घरी आले. कंपनीच्या मुंबईच्या डॉक्टरांनी पाच महिने उपचार केले आणि शेवटी लिहिलं, "वयानुसार झीज, अपंगत्व १२ टक्के, हलकं काम करू शकतील." घरच्यांनी कोल्हापूरला एका ऑर्थोपेडिकला दाखवलं, त्यांनी एका भेटीत लिहून दिलं, "४५ टक्के अपंगत्व, जहाजाच्या नोकरीसाठी कायमचे अनफिट." आता कंपनीकडून एकरकमी पैशांचं पत्र आलंय, दहा दिवसांत सही करा म्हणून. दीर म्हणतात कोर्टात जा, त्यांच्या ओळखीचा एक माणूस ३० टक्क्यांवर केस चालवून देतो. मिस्टरांचा बोटीवरचा फिलिपिनो फिटर व्हॉट्सॲपवर सांगतोय की २४० दिवस गप्प बसा, पूर्ण पैसे आपोआप मिळतात. घरी येऊन सात महिने झालेत. मिस्टर स्वतः फार बोलत नाहीत, रात्री जमिनीवर चटई टाकून झोपतात, पहाटे पलंगाचा पाय धरून उठतात, आणि एकदा एवढंच म्हणाले की वर्षभर थांबतो, मग दुसऱ्या कंपनीतून जातो, पाठीचं कुणाला सांगायचं नाही. ताई विचारतात, दोन डॉक्टरांत खरं कोण बोलतंय आणि सही करू का?

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मी टक्के सोडून त्या पलंगाच्या पायापाशीच अडकले. ही गोष्ट मुंबईच्या रिपोर्टात नाही आणि कोल्हापूरच्या पण नाही, आणि मला वाटतं तुमच्या सगळ्या प्रकरणात तीच सगळ्यात कामाची आहे. पुढे येते त्यावर.

आधी तुमचा प्रश्न. तुम्ही मनात धरून चाललाय की दोघांतला एक डॉक्टर खोटं बोलतोय, आणि तो अर्थातच कंपनीचा. मी स्वतः अकरा वर्षं एका मॅनिंग ऑफिसात क्रूच्या क्लेमचे कागद बघायचे, त्यामुळे कंपनीकडे झुकणारे डॉक्टर नसतातच असं मी म्हणणार नाही, बघितलेत मी तसे, आणि पेशंटच्या नातेवाईकांनी सांगितलं तेवढं लिहून देणारे पण बघितलेत. पण बहुतेक वेळा काय होतं की दोन डॉक्टरांना दोन वेगळे प्रश्न विचारलेले असतात आणि दोघं आपापल्या प्रश्नाचं उत्तर बरोबरच देतात. कंपनीने विचारलेलं असतं, उपचार संपले का, शरीरात दोष किती उरला, काही काम जमेल का. तुम्ही कोल्हापूरला विचारलंत, डॉक्टर, हे परत बोटीवर जाऊ शकतील का. आता एकाच माणसाबद्दल "शरीरात दोष १२ टक्के" आणि "इंजिन रूममध्ये परत जाता येणार नाही" ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात हे बघा. तुम्हाला वाटतंय त्यांचं भांडण आहे, पण ते अजून एकाच विषयावर बोललेलेच नाहीत.

त्यात तो ४५ चा आकडा. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी तो कुठल्या तक्त्यावरून काढला हे त्यांना फोन करून विचारा, आजच. आपल्याकडे सिव्हिल हॉस्पिटलमधून अपंगत्वाचा दाखला मिळतो, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ४० टक्के किंवा जास्त असेल तर बऱ्याच सवलती लागू होतात, आणि त्या टक्क्यांची सरकारी मोजपट्टी ठरलेली आहे. बरेच ऑर्थोपेडिक सवयीने तीच लावतात. जहाजाच्या करारात मात्र स्वतःचा वेगळा तक्ता असतो. एका फूटपट्टीने ४५ आलं म्हणून दुसरीने ४५ येणार नाही, कमीही येईल आणि जास्तही येईल, आणि कंपनीचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवणार. म्हणून दोन आकड्यांची वजाबाकी करत बसू नका, मधला साडेअठ्ठावीस काढून "तिथे तडजोड करू" असं तर अजिबात नको, मी लोकांना असं करताना बघितलंय आणि त्यात नुकसान घरच्यांचंच होतं.

आता तुमच्या घरात एक कागद असणार, तो शोधा. मिस्टर बोटीवर चढताना त्यांनी सही केलेलं एम्प्लॉयमेंट ॲग्रीमेंट, आणि त्याच्यासोबत युनियनचा करार म्हणजे सीबीए लागू होता का ते. त्यात अपंगत्वाचं कलम असतं. आंतरराष्ट्रीय युनियनच्या धर्तीवरच्या करारांत बऱ्याचदा असं लिहिलेलं असतं की अपंगत्व कंपनीने नेमलेला डॉक्टर ठरवेल, खलाशाच्या बाजूच्या डॉक्टरचं मत वेगळं पडलं तर कंपनी आणि युनियन मिळून तिसरा डॉक्टर नेमतील आणि त्याचा निर्णय दोघांना बंधनकारक. आणखी एक ओळ असते जिच्याकडे कुणी बघत नाही. ५० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर माणूस समुद्रावरच्या कामाला कायमचा अनफिट धरून पूर्ण भरपाई, आणि ५० पेक्षा कमी असलं तरी डॉक्टरने "समुद्रावरच्या कुठल्याही कामाला कायमचा अनफिट" असं प्रमाणपत्र दिलं तर तरीसुद्धा पूर्ण भरपाई. काही करारांत हे प्रमाणपत्र कंपनीच्याच डॉक्टरचं लागतं, म्हणून शब्द न् शब्द वाचा. तुमच्या करारात असं कलम असेल तर अख्खा वाद १२ की ४५ वरून उठून एका वाक्यावर येतो, की परत समुद्रावर जाता येईल का नाही. कोल्हापूरच्या डॉक्टरांचं ४५ तसंही ५० च्या खालीच आहे, त्यामुळे तुमची ताकद त्यांच्या आकड्यात नाहीच, ती त्यांच्या "कायमचे अनफिट" या शब्दांत आहे.

ॲग्रीमेंट घरी नसेल तर कंपनीकडे ईमेलने प्रत मागा. तो मिस्टरांचा हक्क आहे, उपकार नाही.

आता फिलिपिनो फिटरचं. तो मनापासून सांगतोय यात शंका नाही, पण तो त्याच्या देशाचा नियम सांगतोय. फिलिपिन्समध्ये परदेशी बोटीवर जाणाऱ्या प्रत्येकाला सरकारने ठरवलेला एकच ठरावीक करार असतो, आणि तिथल्या सुप्रीम कोर्टाने त्यावर इतके निकाल दिलेत की जगात या विषयावर सगळ्यात जास्त खल तिथेच झालाय. घरी आल्यावर तीन दिवसांत कंपनीच्या डॉक्टरकडे हजर व्हायचं, डॉक्टरने १२० दिवसांत अंतिम मत द्यायचं, उपचार खरंच चालू असतील तर ते २४० पर्यंत लांबतं, आणि तोवर मत आलंच नाही तर कायमचं पूर्ण अपंगत्व धरतात. २४० आलं ते इथून. पण तुमच्या केसमध्ये कंपनीच्या डॉक्टरने पाच महिन्यांत अंतिम मत देऊन टाकलंय, त्यामुळे मिस्टर मनीलाचे असते तरी गप्प बसून काही मिळालं नसतं. उलट तिथे २०१३ च्या एका गाजलेल्या निकालात कोर्टाने स्पष्ट सांगितलं की करारात तिसऱ्या डॉक्टरची वाट दिली असताना खलाशाने ती न धरता थेट दावा ठोकला तर कंपनीच्या डॉक्टरचं मत कायम राहणार. आणि २०२३ मध्ये त्याच कोर्टाने दुसरी बाजूही सांगितली, की खलाशाने स्वतःच्या डॉक्टरचं मत कळवून तिसरा डॉक्टर नीट मागितला आणि कंपनीने दुर्लक्ष केलं तर मग कंपनीचं मत आपोआप वरचढ धरायचं नाही, दोन्ही रिपोर्ट गुणांवर तपासायचे. हे निकाल आपल्याकडे बंधनकारक नाहीत, पण शहाणपण उचलायला काय हरकत आहे? मागणी लेखी करा आणि वेळेत करा, गप्प बसू नका.

मग त्या "वयानुसार झीज" या शब्दांचं काय. हे शब्द वाचून तुम्ही हादरलात असं पत्रातून जाणवतं, पण चाळिशी उलटलेल्या कुणाचाही कमरेचा एमआरआय काढा, ज्याला आयुष्यात कधी पाठ दुखली नाही त्याच्याही रिपोर्टात बऱ्याचदा झीज सापडते. झीज आहे का हा प्रश्नच नाही, प्रश्न असा की ती गप्प पडलेली झीज अपघाताने उसळली का आणि त्या दिवशी गादी नव्याने सरकली का. याचा पुरावा डॉक्टरकडे नसतो, बोटीच्या कागदांत असतो. चढायच्या आधीची मेडिकल, जिच्यात मिस्टर फिट होते. अपघाताचा रिपोर्ट. त्या चार दिवसांत कुणी गोळ्या दिल्या त्याची मेडिकल लॉगमधली नोंद. पुढच्या बंदरातल्या डॉक्टरचा कागद, तो तर सोन्याचा, कारण तो वाद सुरू व्हायच्या आधीचा आहे आणि त्या डॉक्टरला कुणाच्याच बाजूने काही पडलेलं नव्हतं. हे सगळे कागद कंपनीकडे ईमेल करून मागा, आणि मिस्टर त्या दिवशी कुणाबरोबर काम करत होते त्याचं नाव लिहून ठेवा, माणसं विसरतात आणि फोन नंबर बदलतात.

आणि "हलकं काम करू शकतील". ताई, तुम्हीच सांगा, मिस्टरांनी १७ वर्षांत इंजिन रूममध्ये हलकं काम करणारा मोटरमन कधी बघितलाय का? तिथे खुर्चीवर बसायची पोस्ट नसते. उभ्या लोखंडी शिड्या दिवसातून कितीदा चढायच्या, चाळीसच्या वर गेलेल्या गरमीत वाकून व्हॉल्व्ह फिरवायचे, बोट हेलकावे खात असताना स्पेअर ओढत न्यायचे, आणि आग लागली किंवा बोट सोडायची वेळ आली तर प्रत्येकाने होज धरायचा, लाईफबोटीत चढायचं, "माझी पाठ दुखते" तिथे चालत नाही. खलाशांच्या वैद्यकीय तपासणीची जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रं आहेत, २०१३ ची, त्यांच्यातही रोजचं काम आणि आणीबाणीचं काम दोन्ही जमतं का हे बघायला सांगितलंय. जमिनीवर हलकं काम करू शकणारा माणूस समुद्रावर अनफिट असू शकतो, आणि कंपनीच्या रिपोर्टने हा प्रश्न हातच लावलेला नाही.

आपलं सुप्रीम कोर्ट हे फार आधीपासून सांगत आलंय. १९७५ च्या एका निकालात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता, कोर्टाने म्हटलं की सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून त्याच्यासाठी हे पूर्ण अपंगत्व. पुढे २०१० मध्ये एका मोटार अपघाताच्या दाव्यात तेच जास्त उलगडून सांगितलं, की शरीराचं अपंगत्व किती टक्के आणि कमवायची ताकद किती गेली हे दोन वेगळे हिशोब आहेत, हात गेलेल्या ड्रायव्हरचं सगळं जातं पण कचेरीतल्या कारकुनाची नोकरी टिकू शकते. डॉक्टरने दोष सांगायचा, त्याचा त्या माणसाच्या कामावर काय परिणाम झाला हे पुढे न्याय करणाऱ्याने बघायचं. मिस्टरांच्या बाबतीत हाच मुद्दा धरून राहा.

म्हणून तो पलंगाचा पाय. मिस्टर दिवसभर काय करू शकतात आणि काय नाही हे आजपासून रोज वहीत लिहा. किती वेळ बसता येतं, किती पायऱ्या चढल्यावर पाय बधिर होतो, भरलेली बादली उचलता येते का, एसटीने खेड ते चिपळूण उभं राहून गेले तर काय होतं, पहाटे कसे उठतात. वाढवून लिहू नका, ज्या दिवशी बरं वाटलं तेही लिहा, कारण सगळे दिवस सारखेच वाईट लिहिलेली वही कुणाला खरी वाटत नाही. आणि दुसऱ्या पानावर मोटरमनचं काम लिहा, मिस्टरांकडून ऐकून, कुठली वस्तू किती किलोची, शिड्या किती, वॉच म्हणजे ड्युटीची पाळी किती तासांची. मिस्टर बोलत नाहीत म्हणता ना, त्यांच्या कामाबद्दल विचारा, बहुतेक बोलतील. ही दोन पानं घेऊन परत कोल्हापूरला जा.

कोल्हापूरला परत का, तर तो रिपोर्ट आज आहे तसा कच्चा आहे, हे मला स्पष्ट सांगायलाच हवं. एका बाजूला पाच महिने तपासलेला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला एका भेटीत दोन ओळी लिहिलेला. फिलिपिन्सची कोर्टंसुद्धा असं जुंपलं की ज्याने जास्त दिवस आणि जास्त तपासण्या करून कारणं दिलीत त्याच्याकडे झुकतात, आणि तिसरा डॉक्टर पण माणूसच आहे. तुमच्या डॉक्टरांना सांगा की रिपोर्टात कारणं हवीत, पायातली ताकद आणि संवेदना तपासून किती भरली, पाय सरळ उचलताना कुठे अडतो, नसांची तपासणी करायची गरज आहे का, ऑपरेशनने फरक पडेल का आणि पडणार नसेल तर का नाही, अपघाताने झीज वाढली असं का वाटतं, आणि मोटरमनच्या या या कामांपैकी कुठली कायमची बंद. टक्के द्यायचे असतील तर कुठल्या तक्त्याने तेही. त्यांना यासाठी वेगळी फी द्यावी लागली तरी द्या.

आता तिसरा डॉक्टर. याचा निर्णय शेवटचा असतो, त्यामुळे "बघू काय म्हणतो ते" अशा मनाने जायचं नाही. मागणीची ईमेल मिस्टरांच्या नावाने मॅनिंग कंपनीला करा, युनियनला कॉपी ठेवा. क्रूसाठी बहुधा नुसी (नॅशनल युनियन ऑफ सीफेअरर्स ऑफ इंडिया) असते आणि ऑफिसरांसाठी मारीटाईम युनियन, दोन्ही मुंबईत आहेत, मिस्टरांची वर्गणी कुठे कापली जायची ते पगाराच्या स्लिपवर दिसेल. ईमेलमध्ये कलमाचा नंबर, कोल्हापूरचा नवा रिपोर्ट जोडलेला, आणि सरळ वाक्य की दोन मतांमध्ये फरक आहे म्हणून करारानुसार संयुक्त तिसरा डॉक्टर मागत आहोत. फोनवर बोलणं झालं तरी त्याच संध्याकाळी "आपलं असं असं बोलणं झालं" म्हणून ईमेल टाका.

कोण नेमायचा यात हयगय करू नका. मणक्याचा सर्जन हवा, साधा ऑर्थोपेडिक किंवा फिजिशियन नको, शक्यतो मोठ्या हॉस्पिटलमधला, आणि ज्याने आधी मिस्टरांना तपासलेलं नाही आणि जो कंपनीची नेहमीची मेडिकल करत नाही. कंपनी एकच नाव पुढे करेल, तुम्ही युनियनमार्फत तीन नावं द्या आणि त्यांच्याकडून तीन मागा. फी कोण भरणार ते आधी लिहून घ्या. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, त्या डॉक्टरला काय विचारायचं ते दोन्ही बाजूंनी मिळून एकाच कागदावर लिहायचं. दुखापत कामामुळे झाली किंवा वाढली का, आणखी उपचारांनी सुधारणा होईल का, मोटरमनच्या कामाला आणि समुद्रावरच्या कुठल्याही कामाला कायमचे अनफिट आहेत का, आणि करारातल्या तक्त्याप्रमाणे टक्के किती. हा कागद नसेल तर तिसरा डॉक्टर स्वतःच्या मनाने चौथ्याच प्रश्नाचं उत्तर देईल आणि ते बंधनकारक होऊन बसेल, असं माझ्यासमोर एका फिटरच्या बाबतीत झालंय, त्याला "रोजचं जीवन स्वतंत्रपणे जगू शकतो" असा निकाल मिळाला, जे कुणी विचारलंच नव्हतं. त्याचे हाल मला अजून आठवतात.

तपासणीच्या दिवशी सगळे एमआरआय फिल्मसकट न्या. मिस्टरांना सांगा, दुखतं तिथे दुखतं म्हणा, जमतं ते जमतं म्हणा. आपले पुरुष डॉक्टरसमोर "ठीक आहे" म्हणतात आणि गाडीत बसल्यावर कण्हतात.

सहीचं. दहा दिवसांत सही करा हे पत्र वाचून घाबरू नका. भारताने २०१५ मध्ये मारीटाईम लेबर कन्व्हेन्शन, म्हणजे खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, मान्य केलंय, आणि त्याच्यातली २०१७ पासून लागू झालेली सुधारणा तुमच्यासारख्यांसाठीच आहे. करारातली भरपाई पूर्ण आणि विलंब न करता द्यायची, कमी रकमेवर समाधान मानायला खलाशावर दबाव आणायचा नाही, आणि कायमच्या अपंगत्वाचा अंदाज लगेच लागत नसेल तर हाल होऊ नयेत म्हणून मधली रक्कम द्यायची, असं त्यात लिहिलंय. बोटीवर त्याच्या विम्याचं सर्टिफिकेट लावलेलं असतं, मिस्टरांना विचारा, मेसरूमच्या (जेवायच्या खोलीच्या) बोर्डावर बघितलं असेल. या कन्व्हेन्शनमध्ये पावतीचा नमुनाही दिलाय, त्यात पैसे घेतले तरी निष्काळजीपणा वगैरेबद्दल कायद्याने दावा करायचा हक्क राखून ठेवलेला असतो. तुमच्या हातातल्या कागदावर तसं आहे, की "यापुढे कुठलाही दावा करणार नाही" आहे? दुसरं असेल तर आत्ता सही नको. पण नुसतं गप्प राहू नका आणि रागाने नकार पण पाठवू नका, लिहा की तिसऱ्या डॉक्टरची मागणी केली आहे, त्याचा निर्णय येईपर्यंत मुदत वाढवा, आणि दरम्यान ज्या १२ टक्क्यांबद्दल तुमचाच वाद नाही तेवढी रक्कम हक्क राखून अंतरिम म्हणून द्या. घरात मुलांच्या फिया आहेत, बिनपगारी महिने चाललेत, मला कळतं की हातात येणारे पैसे नको म्हणणं किती कठीण आहे, म्हणूनच हा मधला रस्ता सांगतेय. आणि आजारपणाच्या काळातला पगार पूर्ण मिळाला का तेही बघा, या कन्व्हेन्शनप्रमाणे तो (घरी आल्यावर पूर्ण किंवा काही भाग) आणि उपचार किमान १६ आठवडे तर द्यावेच लागतात, करारात त्याहून जास्त असू शकतं.

तुमच्या दिरांना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की निकालातल्या रकमेत टक्का घ्यायला आपल्याकडे वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. ३० टक्के मागणारा माणूस एकतर वकील नाही किंवा नियम मोडतोय. फिलिपिन्समध्ये असे लोक इतके माजले की २०१५ मध्ये कायदा करून खलाशाच्या क्लेममधली फी १० टक्क्यांवर बांधावी लागली. कोर्टाची वाट बंद नाहीये, कंपनी तिसरा डॉक्टर नाकारेल किंवा महिनाभर उत्तरच देणार नाही तर मुंबईत कांजूरमार्गला डायरेक्टर जनरल ऑफ शिपिंगचं ऑफिस आहे, मॅनिंग कंपन्यांची लायसन्स तिथूनच चालतात, तिथे लेखी तक्रार करता येते, आणि त्याच सुमारास सागरी कामं करणाऱ्या नीट वकिलाला भेटा, ठरलेल्या फीवर. त्यांना पहिल्याच भेटीत मुदतीचं विचारा. १९२३ च्या जुन्या भरपाई कायद्यात दावा अपघातापासून दोन वर्षांत करावा लागायचा, तुमचा अपघात मागच्या वर्षीचा आहे, म्हणजे वेळ आहे पण उधळायला नाही.

शेवटी ते मिस्टरांचं बोलणं, दुसऱ्या कंपनीतून जातो आणि पाठीचं सांगत नाही. ताई, याने मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. तुम्ही आणि दीर भरपाईसाठी धावताय आणि ज्याची पाठ आहे तो माणूस मनात परत जायची तयारी करतोय. १७ वर्षं बोटीवर काढलेल्या माणसाला "कायमचे अनफिट" हा शब्द पैसे देणारा वाटत नाही, त्याला तो निवृत्तीचा, नाहीतर त्याहून वाईट वाटतो. त्यांना कुणी विचारलंय का की त्यांना स्वतःला काय वाटतं, परत जमेल का? तुम्ही विचारा, दीर नसताना. त्यांना खरंच जमेल असं वाटत असेल तर तेही तिसऱ्या डॉक्टरला उघड विचारता येईल, उपचार वाढवून मागता येतील, आणि जायचं तर सगळा इतिहास सांगून मान्यताप्राप्त डॉक्टरकडून फिटनेस घ्यायचा, तिथे नाकारलं तर दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरकडून तपासून घ्यायचा हक्कही कन्व्हेन्शनने दिलाय. पण लपवून नाही. जाणूनबुजून लपवलेल्या आजाराची जबाबदारी मालकावरून काढून घ्यायची मुभा त्याच कन्व्हेन्शनमध्ये देशांना आहे, म्हणजे भर समुद्रात पाठ परत गेली तर पगार नाही, भरपाई नाही, आणि आजचा हा क्लेम पण त्या एका फिटनेसच्या कागदाने कोसळेल. एकीकडे कायमचे अनफिट म्हणून दावा आणि दुसरीकडे फिट म्हणून मेडिकल, हे दोन्ही एकत्र चालत नाही.

ही गोष्ट त्यांच्याशी आधी बोला, मग कोल्हापूरचा फोन, मग ईमेल. दहा दिवसांतले किती उरलेत ते पत्रावरच्या तारखेवरून मोजा, पत्र पोचल्याच्या दिवसावरून नको. ॲग्रीमेंटचं अपंगत्वाचं कलम सापडलं की त्या पानाचा फोटो मला पाठवा, तिसऱ्या डॉक्टरला विचारायच्या प्रश्नांचा कागद आपण मिळून बसवू.